सायकलची फेरमोजणी

भोरमध्ये कुणाच्या दारात टेम्पो उभा राहिला, की त्यातून काय उतरतंय हे बघण्याचा हक्क सगळ्या गल्लीला आपोआप मिळतो. फ्रीज असेल तर लोक त्याची किंमत आणि मालकाची ऐपत यांचा मेळ घालून लगेच घरी जातात. आमच्या दारात उतरलेलं खोकं मात्र कुणालाच ओळखता येईना. पलंगाएवढं लांब, आणि उचलायला अगदी हलकं. कुरिअरवाल्यांनी ते नसरापूरला टाकून हात झटकले होते, आणि तिथून खतांचं दुकान असलेल्या धनाजीने ते आपल्या टेम्पोतून युरियाच्या पोत्यांबरोबर आणलं होतं. त्यामुळे आत काय आहे हे जाणून घेण्याचा पहिला मान त्याचा होता.

आत सायकल होती. तिला स्टँड नव्हता, मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं आणि घंटीही नव्हती. समोरच्या घरातले गेनबा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, एवढं सगळं काढून घेतल्यावर दुकानदाराने विकलं तरी काय?

सायकल आमच्या शिवानीची. ती पुण्यात बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगराच्या माथ्यावरून सायकलवर खाली येते. या खेळाला डाउनहिल म्हणतात. आमच्या लहानपणी याला ब्रेक फेल होणं म्हणत. गेल्या वर्षी ती दुसऱ्याची सायकल मागून शर्यतीत उतरली आणि एका उडीनंतर सायकलने तिला हँडलवरून पुढे फेकलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून आमच्या घरात नूतन, म्हणजे माझी बायको, सायकल हा शब्दच उच्चारत नाही. ‘ते’ म्हणते. ‘ते’ पुन्हा करणार आहेस का, असं विचारते आणि उत्तराची वाट न बघता कुकर लावते.

आता शिवानीने स्वतःची सायकल घेतली होती आणि तिची पहिली शर्यत वेल्ह्याकडच्या एका डोंगरावर होती. रजा कमी, म्हणून ती शर्यतीच्या दिवशी सकाळी परस्पर तिकडेच पोहोचणार होती. त्याआधी सायकलचे स्प्रिंग तिच्या वजनाप्रमाणे लावून घ्यायला हवे होते. हे काम पुण्यात एक दुकान करतं, म्हणून सायकल थेट तिकडेच मागवू का, असं तिने मला आधी विचारलं होतं. मी भूमी अभिलेख खात्यात सर्व्हेअर होतो. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत असा बांध नसेल ज्याच्यावर मी उभा राहिलेलो नाही. माझ्यासारखा माणूस घरात असताना मोजमापाचं काम पुण्याला पाठवायचं, हे मला काही पटलं नाही. मी म्हणालो, तू निर्धास्त राहा.

शिवानी ताबडतोब चिंतेत पडली. तिने फोनवर मला सगळं समजावून सांगितलं. पुढच्या चिमट्यात आणि सीटखालच्या शॉकॲब्झॉर्बरमध्ये हवा असते. बसणारा माणूस चढला की सायकल थोडी दबली पाहिजे. पूर्ण दबायला जेवढी जागा आहे, तिचा मागे साधारण तिसरा हिस्सा, पुढे त्याहून कमी. याला ती सॅग म्हणते. मी लगेच त्याचं नामकरण ‘बैठक’ असं केलं. दबल्यावर सायकलने वर किती चटकन यायचं, ते लाल गोल बटण फिरवून ठरवायचं. फार चटकन आली तर लाथ मारते. फार सावकाश आली तर एका खड्ड्यातून उठण्याआधी दुसरा येतो. हे सगळं मी लिहून घेतलं नाही, कारण मला ते समजलं होतं. निदान फोन ठेवेपर्यंत तरी.

सुरुवातच पंपाने अडली. या कामाला वेगळा छोटा पंप लागतो, त्याला शॉक पंप म्हणतात, आणि तो खोक्यात आहे असं शिवानी म्हणाली होती. तो खोक्यात नव्हता. घरात नव्हता. धनाजीने टेम्पो पालथा घातला. शेवटी गेनबांच्या पत्नी बाळाबाई आम्हाला विचारायला आल्या, की तुमच्याकडनं आणलेलं बीपीचं मशीन दंडाला गुंडाळायचं कसं? पंपाला घड्याळासारखा काटा होता आणि रबराची नळी होती, त्यामुळे त्यांचा समज अगदीच चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. खोकं उघडताना झालेल्या गर्दीत त्यांनी तो नूतनला विचारून नेला होता, आणि नूतनने ‘त्या’तली कुठलीही वस्तू घरातून जात असेल तर आनंदाने परवानगी दिली होती. मी बाळाबाईंना सांगितलं की हा शॉक पंप आहे. त्यांनी तो ओट्यावर टाकला आणि आपला हात नीट आहे की नाही ते दोनदा उघडून-मिटून पाहिलं.

पंप मिळाला, पण तोवर दुसरा घोटाळा झाला होता. गेनबांना शंका आली होती की चिमट्यात हवा आहे हेच मुळात खोटं असावं. त्यांच्या मते गाडीला लोखंडी स्प्रिंगांचे पाटेच हवेत. हवेवर चालणाऱ्या एसट्या आल्या तेव्हाच महामंडळाची उतरती कळा सुरू झाली. खातरजमा करण्यासाठी त्यांनी वरचं टोपण काढून आतली पिन काडीने दाबली. हवा होती. ती सगळी फुस्सकन बाहेर आली, गेनबांच्या चष्म्यावर तेलाचा बारीक फवारा उडाला, आणि सायकल पुढचे दोन्ही पाय दुमडून बसणाऱ्या उंटासारखी आमच्या ओट्यापुढे नतमस्तक झाली.

“हवा व्हती,” गेनबा चष्मा पुसत म्हणाले. चूक कबूल करण्याची एसटीच्या लोकांची ही पद्धत असते.

मी पंप लावून हवा भरली. काटा हलायला लागेपर्यंत माझा दंड भरून आला आणि त्या क्षणी बाळाबाईंचं यंत्र माझ्याच कामाचं आहे असं मला वाटलं. मग मोजणीला सुरुवात झाली. मी सायकलवर चढलो. सायकल तळाला टेकली. गेनबांनी निदान केलं, पाटा तुटला. वास्तविक माझं वजन शिवानीच्या दीडपट आहे आणि याबद्दल घरात कुणी चारचौघांत बोलत नाही. धनाजी मात्र बोलला. तो म्हणाला, साहेब, तुम्ही जड पडता. इथे बरोब्बर वजनाचा माल पाहिजे, आणि माल माझ्याकडे आहे.

त्याने युरियाचं पोतं आणलं, वर कमी पडलेल्या वजनाची कोंबडखाद्याची पिशवी ठेवली आणि सगळं सीटवर सुतळीने बांधलं. आम्ही तिघांनी ते तोलून धरलं आणि मी मोबाईलवर शिवानीला दाखवलं. तिने पोतं जवळून दाखवायला सांगितलं. मग म्हणाली, “बाबा, उतारावर मी सीटवर बसत नाही. पेडलवर उभी असते, गुडघे वाकवून.” खताचं पोतं गुडघे वाकवत नाही. शिवाय बोलता बोलता धनाजीचा हात सुटला आणि शिवानीच्या देखत तिची प्रतिकृती ओट्यावरून गटाराकडे गेली. गल्लीतल्या कोंबड्यांनी तो दिवस सणासारखा साजरा केला.

हे सगळं नूतन दारात उभी राहून बघत होती. पोतं पडल्यावर मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने विचारलं, “हे चुकलं तर काय होतं?”

मी खरं ते सांगितलं. उडी मारून उतरताना सायकल मागून लाथ मारते. गेल्या वर्षी तेच झालं होतं.

तिने पदराला हात पुसले, आत गेली आणि शिवानीचा जुना ट्रॅकसूट घालून बाहेर आली. सायकलीबरोबर आलेलं, हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट डोक्यावर चढवत ती म्हणाली, “माझं वजन शिवानीएवढंच आहे. आकडा कुणी विचारायचा नाही.” गेनबा आणि धनाजी दोघेही एकदम आभाळाकडे बघायला लागले. नूतन किकवीची. शाळेत असताना वडिलांच्या उंच सायकलवर तिरकी बसून रोज सारोळ्याला जायची, हे तिने मला लग्न ठरताना सांगितलं होतं आणि मी ते नम्रतेने विसरलो होतो. आता ती भिंतीला एक बोट टेकवून दोन्ही पेडलांवर अशी उभी राहिली, की जणू दळण आणायला निघाली आहे.

चिमट्याच्या दांडीवर रबराचं एक बारीक कडं असतं, तसंच मागच्या शॉकॲब्झॉर्बरवरही. ते खाली सरकवून ठेवायचं, माणसाने चढायचं, अलगद उतरायचं आणि कडं किती वर ढकललं गेलं ते मोजायचं. काम इतकंच आहे. पण माझा नोकरीतला अनुभव असा, की मोजायची वस्तू जितकी लहान तितके हरकतदार जास्त. मी स्टीलच्या पट्टीने मोजलं आणि हवा जास्त आहे असा निष्कर्ष काढला. गेनबांनी नुसत्या नजरेने मोजलं आणि हवा कमी आहे असं सांगितलं. धनाजीने मोबाईलमध्ये फोटो काढला, तो मोठा करून बघितला आणि फोटोत मावेना म्हणून सायकलच मोठी आहे असं मत दिलं. तिघांनीही एकमेकांची मोजणी नामंजूर केली. नूतन चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. फेरमोजणीत माझा आकडा बदलला, तेव्हा गेनबा म्हणाले की आता कळलं, तालुक्यात भांडणं का मिटत नाहीत. मी पट्टी खाली ठेवली. निवृत्तीनंतर माणसाने किती सोसायचं याला काही मर्यादा असावी.

अखेर नूतनने हेल्मेट काढलं, आम्हा तिघांना बाजूला केलं, पट्टी हातात घेतली आणि मागे तिसरा हिस्सा आणि पुढे त्याहून कमी म्हणजे किती हे तोंडी काढून थोडी हवा सोडायला सांगितली. दोन्ही कडी जागेवर आली. बैठक जमली.

राहिला तो उठाव. ते लाल बटण टिकटिक करत फिरतं आणि टिकटिका मोजायच्या असतात. मी दोनदा मोजायला घेतल्या आणि दोन्ही वेळा मधेच गेनबांनी आज दूधवाला आला का, असं विचारलं. शिवाय गल्लीत उतार कुठला? धनाजीच्या दुकानाची पायरी होती, तिथून नूतनने सायकल उतरवून पाहिली, तेवढ्याने काही कळेना. तेव्हा तिनेच ठरवलं की खऱ्या डोंगरावर जाऊन बघायचं. मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. पण शुक्रवारी सकाळी ती ट्रॅकसूट घालून टेम्पोत पुढे बसली होती.

नसरापूरला चहा घेऊन आम्ही वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. मार्गासनीच्या पुढे एका वाडीपाशी टेम्पो थांबवला. शर्यतीच्या मुलांनी चुन्याच्या खुणा केलेल्या होत्या. वाट वाळलेल्या गवतातून खाली येत होती, एका वाड्याजवळून वळत होती, म्हणजे मेंढरांच्या वाड्याजवळून, आणि शेवटी एका शेताच्या बांधावरून उडी घेऊन सपाटीला लागत होती. बांध बघताच मी दोन पावलं मागे सरकलो. मी असंख्य बांध बघितले आहेत, पण काही बांध माणसाला ओळखतात.

बांधाच्या मागून काठी टेकत एक म्हातारा आला. “तुमी मोजणीवालं,” तो म्हणाला.

हा रखमाजी. मेंढरं राखून असतो आणि हे शेत त्याचं. पलीकडचं त्याच्या धाकट्या भावाचं. दोघांमधला हा बांध मी मोजून दिला होता, आणि माझ्या मोजणीने दोघांचंही समाधान झालं नव्हतं. रखमाजीच्या मते बांध त्याच्याकडे सरकला होता, भावाच्या मते भावाकडे. सर्व्हेअर म्हणून मी याला अचूकतेचा पुरावा मानतो. रखमाजी मानत नव्हता. शर्यतीच्या मुलांना त्याने बांधावरून जायला होकार दिला होता, पण सायकल मोजणीवाल्याच्या घरची आहे हे कळल्यावर तो काठी आडवी धरून बांधावरच बसला. म्हणाला, सायकल न्हाई आनि शर्यत बी न्हाई. आधी चुकीची मोजणी केली म्हणून लिहून द्या.

मी चूक केली नव्हती, तर लिहून कसं देणार? शिवाय निवृत्त माणसाच्या सहीला आता किंमत नसते, हे मी त्याला कायद्याच्या भाषेत समजावलं.

“कामावर व्हता तवा तरी कुठं व्हती?” रखमाजीने विचारलं.

गेनबांना खोकला आला. मी मात्र घाबरलो होतो. शिवानीची शर्यत, आयोजक मुलांची सगळी मेहनत, आणि ती बंद पडणार माझ्या नावामुळे. मी रखमाजीसमोर बसलो आणि विनवण्या करायला लागलो. सर्व्हेअरने बांधावर बसून विनवणी करण्याची ही तालुक्यातली पहिलीच वेळ असावी. उलट दिशेने ती नेहमी चालते.

आमची ही बोलणी चालू असताना थोडं वर, गवताच्या उतारावर, नूतन उठाव बघत होती. पहिल्यांदा खाली आली तेव्हा मला एवढंच म्हणाली की मागून ढकलतं. मी उठून मागचं लाल बटण दोन टिका आवळून दिलं आणि पुन्हा रखमाजीसमोर बसलो. ती सायकल ढकलत पुन्हा वर गेली. या वेळी जरा जास्तच वर. आणि तिथून निघाली तेव्हा वाड्यावरची दोन कुत्री तिच्यामागे लागली.

कुत्री मागे लागल्यावर सायकलस्वाराने काय करावं याबद्दल शिवानीने फोनवर काही सांगितलेलं नव्हतं. नूतनने ब्रेक सोडले. खडकाळ भागातून सायकल उड्या घेत येत होती आणि तिच्यावर उभी असलेली माझी बायको गुडघ्यांत वाकत होती, उठत होती. कुत्री मागे पडली. वाड्याच्या वळणावर मेंढरांनी तोंडं वर केली. मी ओरडलो, पण काय ओरडलो ते मला आठवत नाही. धनाजी म्हणतो की मी ‘हरकत, हरकत’ असं ओरडत होतो. रखमाजी काठी घेऊन एका बाजूला लवंडला, मी दुसऱ्या. आणि आमच्या दोघांच्या मधून, मी मोजून दिलेल्या बांधावरून, नूतन हवेत गेली.

सायकल पलीकडे उतरली. चांगली खोल दबली, वर आली आणि सरळ चालत राहिली. पार सपाटीच्या टोकाला नूतन थांबली आणि एक पाय जमिनीला टेकवून तशीच पाठमोरी उभी राहिली. मी ढेकळांतून धडपडत पळालो, दोनदा पडलो आणि तिच्यापाशी पोहोचलो. हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते आणि ते ओले होते. मला वाटलं लागलं. मी विचारलं, कुठे दुखतंय?

“कुठे नाही हो,” ती म्हणाली. “ती हे का करते ते कळलं.” मग नाक ओढून पुढे म्हणाली, “मागचं एक टिक जास्त आवळलंत. उशिरा उठतं.”

ते एक टिक सैल करून परत आलो तोवर रखमाजी उठून बसला होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो नूतनला म्हणाला, “वैनी, ह्या बांधावरनं आजवर जो गेला त्यो भांडूनच गेला. तुमीच पैल्या.” आणि रविवारी यायला सांगितलं. मोजणीचं काय, असं मी विचारलं नाही. गेनबांनी माझा हात दाबून धरला होता.

रविवारी शिवानी आली, सायकलवर चढली, दोन-तीनदा दबून बघितली आणि आमच्याकडे वळून विचारलं की हे नेमकं कुणी केलं? मी घसा साफ केला. तेवढ्यात नूतनने तिला बाजूला नेलं आणि त्या दोघी बांधाकडे हात करून इतका वेळ बोलल्या की शेवटी आयोजकांना नाव पुकारावं लागलं. शर्यत होईपर्यंत घरात बसून राहीन असं आधी सांगणारी नूतन बांधाला लागून उभी राहिली. तिच्या एका बाजूला रखमाजी होता. पलीकडच्या शेतात त्याचा भाऊ उभा होता आणि दोघंही एकाच दिशेला बघत होते. शिवानीचं नाव आलं तसे मी डोळे मिटले. टायरांची खरखर आली, मग सगळं शांत झालं, मग मातीत धप्प आवाज आला. मी डोळे उघडले तेव्हा नूतन टाळ्या वाजवत होती आणि शिवानी सपाटीवरून लांब चालली होती, सायकलवरूनच. तिचा नंबर पाचवा आला. गेनबांच्या मते पाटे असते तर पहिला आला असता.

परतीच्या वाटेवर टेम्पोत पुढे धनाजीशेजारी दोघी मायलेकी बसल्या. पुढच्या शर्यतीला चिमट्यात हवा किती ठेवायची यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. मी मागून काही बोललो तर त्या ऐकून घेत आणि पुन्हा आपल्या बोलण्याला लागत. मागच्या हौद्यात मी आणि गेनबा सायकल धरून बसलो होतो. मार्गासनीचा रस्ता खणलेला होता. प्रत्येक खड्ड्याला सायकल अलगद दबत होती आणि बेताने वर येत होती, ना लवकर, ना उशिरा. मी तिच्याकडे कौतुकाने बघत होतो आणि पत्र्यावर आपटत होतो. आमच्यात ती सोय नव्हती.